ब्लॅकजॅक या कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळात पत्ते मोजणारा (म्हणजे कोणते पत्ते येऊन गेले याचा हिशोब ठेवून पैसे लावणारा) तासाला किती डाव खेळतो, आणि हाती किती लागतं?

लास वेगासमध्ये भरलेल्या टेबलावर तासाला साधारण 50-60 डाव होतात, दोघं-तिघंच असले तर शंभराच्या पुढे. आणि मोजणी अचूक असली तरी फायदा जेमतेम 1 टक्क्याच्या आसपास. दर डावाला सरासरी 25 डॉलर लावले आणि 80 डाव झाले, तर 2000 डॉलर फिरतात, त्यातले 20 तुमचे. पण त्याच तासात 250-300 डॉलर वरखाली होणं नेहमीचंच, म्हणून 100 तास चोख खेळूनही काहीजण तोट्यात असतात. (त्यांची मोजणीच चुकली असं लगेच समजू नका.) हे गणित ब्लॅकजॅकला (पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता) 3:2, म्हणजे 10 डॉलरला 15, देणाऱ्या टेबलाचं. 6:5 वाल्या (10 डॉलरला 12) टेबलावर कॅसिनोचा फायदा सुमारे 1.4 टक्क्यांनी वाढतो, तिथे बसूच नका.