रंगवलेल्या कापडावर मशीनने भरतकाम करून ग्रीटिंग कार्ड घरच्या घरी कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की घरी जुनी काळी पायमशीन आहे, फॅब्रिक कलरच्या बाटल्या आहेत, आणि करून पाहिलं तेव्हा कापड गोळा झालं, धागा सारखा तुटत राहिला. कॉम्प्युटरवाली एम्ब्रॉयडरी मशीन घ्यावी का, असंही विचारलंय.

अजिबात घेऊ नका. पन्नास कार्डांवर तेच नाव किंवा तीच पणती हवी असेल तर ती मशीन कामाची. रंग ओल्या कापडावर हवा तिथे पसरतो, आणि ती मशीन मात्र डिझाइनमध्ये ठरलंय तिथेच टाके घालते. दोघांचा मेळ घालता घालता जीव जातो. जुन्या मशीनवर कापड ताणून धरणारी रिंग तुमच्याच हातात असते, डाग जिकडे गेला तिकडे सुई नेता येते.

तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ मला एकच दिसतं. बहुतेक जण आधी फूल रंगाने गच्च भरतात, मग तेच फूल धाग्याने पुन्हा गच्च भरतात. मग रंगवलं कशाला? भरण्याचं काम रंगाचं. धाग्याने फक्त जिथे नजर थांबायला हवी तिथे बोट ठेवायचं. टाके जितके दाट, तितकं कापड आत ओढलं जातं. आणि रंगाचा थर जाड असेल तर सुईच्या नाक्यापाशी धागा घासून त्याची पिंजण होते. शिवाय अशा थरात सुईची भोकं बुजत नाहीत, तशीच डोळ्यांत भरतात.

मी हल्ली सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरच्या, फुलांची कार्डं करते, त्यातलंच एक सांगते. सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेला असाल तर डोळ्यांपुढे येईल: वर पावसाळी राखी आभाळ, खाली हिरवं गवत, त्यात तेरड्याचा जांभळट गुलाबी पट्टा, मधूनच जांभ्या दगडाचे काळपट तुकडे आणि सोनकीची पिवळीजर्द फुलं.

कापड सुती घ्या, केंब्रिक किंवा बारीक पोताचं मांजरपाट. आधी धुऊन त्याची खळ काढा, नाहीतर रंग वरच तरंगतो. टेरिकॉट नको, ते रंग नीट पीत नाही. आणि एका कार्डापुरता तुकडा कापू नका. अर्धा मीटर सलग रंगवा, त्यातून चांगले भाग निवडता येतात. जाड कागदाच्या दोन काटकोनी पट्ट्या कापून त्यांची चौकट कापडावर सरकवत बघा. कधी कधी आपल्याला वाया गेलेला वाटतो तोच कोपरा सगळ्यांत सुंदर निघतो.

रंग पाण्यासारखा पातळ करा. साडीवर किंवा कुर्त्यावर रंगवताना इतकं पाणी घालत नाहीत, कारण मग धुण्यात रंग टिकत नाही. कार्ड कोण धुणार आहे? पोस्टर कलर मात्र नको, वाळल्यावर सुई लागली की त्याची भुकटी पडते. कापड पाण्याने ओलं करून प्लॅस्टिकवर पसरा. वरच्या तिसऱ्या भागात काळ्याच्या थेंबात थोडा निळा मिसळून आभाळ, खाली चपट्या ब्रशने हिरवे आडवे फटकारे. हिरवा अर्धवट सुकला की मगच गुलाबी लावा. पूर्ण ओल्यावर लावला तर दोन्ही मिळून मळकट तपकिरी होतो. दगडासाठी ब्रश जवळजवळ कोरडा हवा. आणि सोनकी रंगवायचीच नाही. पिवळा सगळा धाग्यातून आला की तो रंगावर उठून दिसतो.

एक दिवस-रात्र वाळू द्या, मग उलट्या बाजूने इस्त्री. त्याच इस्त्रीत मागे चिकटणारं पातळ बकरम लावून टाका, हे टाळू नका. बकरम नसेल तर कोरा कागद खाली धरून शिवा आणि नंतर हलकेच फाडून काढा. वर्तमानपत्राची शाई फिक्या कापडावर उतरते, ते नको.

आता मशीन. काही मशीनना सुईखालचे, कापड पुढे सरकवणारे दाते खाली करायचा स्क्रू किंवा बटण असतं. तुमच्या मशीनला नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणा आणि दात्यांवर मधोमध भोक पाडलेला जाड गुळगुळीत कागद चिकटवा. कापड दाबून धरणारा फूट काढून टाका. शिवणक्लासमध्ये मशीन-भरतकाम असंच शिकवतात, फक्त रिंगवर. हात बसेपर्यंत डार्निंगचा फूट लावलात तरी चालेल. पण फूट नसला तरी त्याची मागची दांडी खाली पाडायलाच हवी. दांडी वर असली की टेन्शनच्या, म्हणजे वरचा धागा ताणून धरणाऱ्या, चकत्या उघड्या राहतात, धागा सैल सुटतो आणि कापडाखाली त्याचा गुंता होतो. ‘मशीन बिघडली’ म्हणून कारागिराला बोलावणाऱ्यांच्या घरी कितीदा एवढंच निघतं!

रिंग हाताच्या भरतकामाच्या उलट लावायची, म्हणजे कापड मशीनच्या पाटाला टेकलं पाहिजे. आतल्या कड्याला सुती चिंधी गुंडाळली की कापड घसरत नाही. टिचकी मारली की टणक आवाज यायला हवा. वर एम्ब्रॉयडरीचा रेशमी धागा, खालच्या बॉबीनमध्ये साधा बारीक धागा. वरचं टेन्शन नेहमीपेक्षा थोडं सैल करा, म्हणजे खालचा धागा वर डोकावत नाही. सुई नवी, ११ किंवा १४ नंबरची.

चाक हाताने एकदा फिरवून बॉबीनचा धागा वर घ्या, दोन्ही टोकं धरून जागच्या जागी तीन-चार टाके घाला, टोकं कापा. पाय एका लयीत चालू द्या, हात सावकाश. हाताने हिसका दिला तर सुई वाकते, पाटावर आपटून तुटते. फूट नसल्यामुळे सुई उघडी असते, म्हणून बोटं रिंगच्या कडेलाच ठेवा. चश्मा नसेल तर साधा तरी घालाच.

सोनकीचं एक फूल असं: मध्यापासून साधारण तीन मिलिमीटर बाहेर जायचं, त्याच वाटेने मध्यावर परत यायचं, मग थोडं वळून पुढची पाकळी. एक फेरी झाली की थांबायचं, पाकळ्यांमधल्या फटी बुजवत बसायचं नाही. मध्यावर गडद पिवळ्याचे चार-पाच टाके एकावर एक, त्याची बारीक गाठ उठते. पुढची फुलं मोठी, आभाळाकडे जाल तशी लहान, अगदी वरची तर नुसते ठिपके. देठ एका धाग्याचे, सरळ रेषेत नकोत, सड्यावर वारा असतो. आभाळात एकही टाका नको. हात शिवशिवेल, तरी नको.

कार्डासाठी ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद घ्या. पाकीट आधी विकत घ्या आणि त्याच्या मापाला कार्ड कापा; उलट केलंत तर मापाचं पाकीट शोधत दुकानं पालथी घालावी लागतात. कापडावर फेविकॉल लावू नका, त्यातल्या पाण्याने कापड फुगतं आणि डाग पुढे येतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप उत्तम. कागदाला दोन घड्या घालून तीन भाग केले, मधल्या भागात खिडकी कापली आणि कापड मागून चिकटवलं, तर तिसरा भाग उलट बाजूचे धागे झाकतो. हे सगळ्यांत नीटस दिसतं.

मला स्वतःला दुसरी तऱ्हा आवडते. कापडाच्या चारही कडांच्या दशा काढायच्या आणि ते थेट कार्डावर मशीनने शिवायचं. बकरम चिकटवण्याआधीच त्या कडांपासून मागे राहील असं कापून घ्या, नाहीतर दशा निघणार नाहीत. यासाठी फूट पुन्हा लावा, दाते मोकळे करा आणि टाका मशीनवर असेल तेवढा लांब ठेवा. बारीक टाक्याने कागद टपाल तिकिटाच्या कडेसारखा भोकाभोकांचा होतो आणि तिथूनच फाटतो. शेवटी मशीन उलट चालवून टाका पक्का करू नका, धागे आत ओढून टेपने चिकटवा. कागदावर सुई बोथट होते, तेव्हा एक जुनी सुई याच कामाला ठेवा. आतला मजकूर शिवण्याआधी लिहून घेतला तर बरं, नंतर कार्ड सपाट बसत नाही.

पोस्टाने पाठवणार असाल तर भरतकामावर एक कोरा जाड कागद ठेवून मग पाकिटात घाला, आणि पत्ता कार्ड आत घालायच्या आधी लिहा. बॉलपेनचा दाब आतल्या कार्डावर उमटतो.