पालकाला युरिया किती द्यायचा? आधी बॅगेचा आकार बघा

ताई, तुमच्या ऐरोलीच्या गच्चीवरच्या पालकाचे दोन्ही फोटो बघितले. पहिल्यांदा पालकाच्या ग्रो बॅगेत चमचाभर युरिया टाकला तेव्हा आठवड्यात पानं मस्त गडद झाली, दुसरा चमचा पडल्यावर कडा करपल्या, पानं लुळी पडली आणि पानांखाली मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला, आणि आता वजन वाढायला तिसरा देऊ का असं विचारताय. अजिबात देऊ नका.

हिशोब करून बघा ना. शेतात पालकाला साधारण हेक्टरी 80 ते 100 किलो नत्र (नायट्रोजन) देतात, तेसुद्धा हप्त्याहप्त्याने. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे एका चौरस मीटरला अख्ख्या पिकाचा मिळून 17 ते 22 ग्रॅम युरिया झाला. तुमच्या 12 इंची गोल बॅगेच्या वाट्याला त्यातला जेमतेम दीड ग्रॅम येतो आणि चमच्यात मावतो चारेक ग्रॅम, म्हणजे दोन चमच्यांत पाचपट गेलं.

नत्राने पान वाढतं हे खरंच आहे, हरितद्रव्य आणि प्रथिनं त्यातूनच बनतात, पालेभाजीत तर आपण पानच खातो त्यामुळे फरक लगेच दिसतो. पण एका मर्यादेपुढे उत्पादन वाढायचं थांबतं, पेशी नुसत्या पाणी धरून फुगतात, पान कोवळं लिबलिबीत राहतं, मावा नेमका त्यावरच बसतो आणि कापलेली जुडी लगेच मान टाकते. जास्तीचं नत्र नायट्रेट म्हणून पानात साठतं ते वेगळंच, देठात तर पानापेक्षा जास्त. ते प्रथिनात बदलायला ऊन लागतं, म्हणून घरच्यासाठी कापणी पहाटे न करता दुपारनंतर करा.

आत्ता करपलेल्या बॅगांना खालून निथळेपर्यंत दोनतीनदा साधं पाणी द्या, जास्तीचं बरंचसं वाहून जाईल. मग नवीन पानं निघेपर्यंत काहीच नको. पुढे प्रत्येक कापणीनंतर, फुटवे दिसायला लागले की लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम युरिया विरघळवून त्यातलं अर्धा लिटर एका बॅगेला, संध्याकाळी, ओल्या मातीत. कोरडा दाणा वर टाकून ठेवला तर आपल्याकडच्या उन्हात त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातं. पावसाळ्यात मात्र उलट, ठाण्या-नवी मुंबईचा पाऊस सगळं तळातून धुऊन नेतो, तेव्हा युरियापेक्षा मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळलेली बरी, ती हळूहळू सुटते. मेथी लावली असेल तर तिला युरियाची फारशी गरजच नसते, मुळावरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात.

आणि पुढच्या वेळी पिवळेपणा दिसला की लगेच युरिया काढू नका, आधी कुठली पानं पिवळी आहेत ते बघा. खालची जुनी पिवळी पडली तर नत्र कमी पडतंय. वरची कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुतेक लोहाची कमतरता आहे, तिथे युरियाने काही होणार नाही.