मुलांना ‘गुड टच-बॅड टच’ कोणत्या वयात शिकवावं?

तुमची मुलगी सहा वर्षांची आहे म्हणता, म्हणजे आधीच उशीर झालाय. तिसऱ्या वर्षापासून आंघोळ घालताना अवयवांची खरी नावं सांगायची आणि ‘काकांना पापी दे’ म्हणून कोणाच्या मांडीवर ढकलायचं नाही. पण सहा वर्षांच्या पोरीनं स्वतःला वाचवावं, ही अपेक्षाच मला मान्य नाही. शिकायचं मोठ्यांनी आहे. पोरं सांगतात, घरचे दाबतात.

नागपुरातलीच केस घ्या. डिसेंबर २०१६ मध्ये १२ वर्षांच्या मुलीला एका माणसानं पेरूचं आमिष दाखवून घरात नेलं आणि कपड्यावरून तिच्या छातीला हात लावला. आई शोधत पोचली, मुलीनं सांगितलं, आईनं बदनामीचा विचार न करता तक्रार दिली. जानेवारी २०२१ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं त्वचेला त्वचा लागली नाही म्हणत पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम ८ची, म्हणजे लैंगिक हल्ल्याची शिक्षा काढली. १८ नोव्हेंबर २०२१ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला: लैंगिक हेतू महत्त्वाचा, मधे कपडा होता की नाही हे नाही. तीन वर्षांची शिक्षा परत लागली. तरी ‘कपड्यावरूनच तर हात लावला’ म्हणणारे मोठे भाऊजी प्रत्येक घरात आहेत.

पोर सांगायला लागली की ‘तू गेलीच कशाला?’ विचारू नका. ‘मग काय झालं?’ एवढंच, तेही एकदाच. आत्या, मावशी, आजीसमोर पुन्हा पुन्हा वदवून घेतलं की तपशील हलतात आणि कोर्टात आरोपीचा वकील ‘पढवलेली आहे’ म्हणतो. तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह वहीत लिहा. प्रकार गंभीर असेल तर डॉक्टरी तपासणीआधी आंघोळ नको. कपडे धुवू नका, ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते, पुरावा जातो. त्या माणसाला जाब विचारायला फोन करू नका, तो आधी चॅट पुसतो. मुलीचा तसला फोटो सापडला तर नातेवाइकांना फॉरवर्ड करणं हाही गुन्हाच. फोन तसाच पोलिसांकडे द्या.

नागपूरची मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं किंवा कोणतंही खासगी हॉस्पिटल आधी एफआयआर मागून उपचार थांबवू शकत नाही. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून घरची बैठक नंतर. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर रात्रीही फोन लागतो. जबाब घरी घेता येतो. पोलीस गणवेशात नसावेत, आणि शक्यतो महिला अधिकारी असावी. मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. नाव छापणं गुन्हा आहे, त्यामुळे ‘बोभाटा होईल’ हे कारण माझ्या लेखी संपलं.

आणि समाजाच्या बैठकीत माफीनामा लिहून घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना सांगा, हा गुन्हा आपसात मिटत नाही. माहीत असून कळवलं नाही तर पोक्सोच्या कलम २१ खाली सहा महिने कैद होऊ शकते, शाळा-संस्थेच्या प्रमुखाला एक वर्ष.

एक मात्र खरं, ट्युशनला जायला नाही म्हणणारं प्रत्येक पोर लैंगिक छळामुळेच नाही म्हणतं असं नाही. सर पट्टीनं मारत असतील. तीही हिंसाच, आणि शाळेत ती २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंद आहे. हे सगळं मुलग्यांनाही लागू. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, मुलांना वकील फुकट मिळतो.