निकालांच्या लिंका दिल्या की झालं का मुक्त पाठ्यपुस्तक?

निकालपत्रं इंटरनेटवर फुकट आहेत, मग त्यांच्या लिंका एकत्र करून दिल्या तर कायद्याचं मुक्त पाठ्यपुस्तक होईल का, असं तुम्ही विचारलंय. शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी मी हेच केलं. करार कायद्याच्या चाळीस निकालांची यादी वर्गाला पाठवली. पोरांनी वरची शीर्षटीप, म्हणजे निकालाचा थोडक्यात सारांश, तेवढी वाचली नि पान बंद केलं.

निकाल मिळवणं ही आता अडचणच नाही. न्यायमूर्तींनी लिहिलेल्या निकालावर तो छापणाऱ्याचा कॉपीराइट नसतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८३४ मध्येच व्हीटन विरुद्ध पीटर्स खटल्यात सांगितलं. कॉर्नेल विद्यापीठाची लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट १९९२ पासून कायदा ऑनलाइन मोफत देतेय. (प्रत्येक देशाचा नियम निराळा, तो आधी बघा. प्रकाशकाने लिहिलेल्या शीर्षटिपा तर उचलूच नका.)

खरा वेळ जातो काटछाटीत. साठ पानांचा निकाल आठ पानांवर आणताना एकदा मी अल्पमतातला, म्हणजे असहमत न्यायमूर्तींचा, निकाल सरळ उडवला. वर्गात एकीने विचारलं, "सर, उत्तर इतकं सरळ होतं तर प्रकरण इतक्या वरपर्यंत गेलंच कशाला?" उत्तर मी कापलेल्या पानांत होतं! त्यातले दोन परिच्छेद त्याच रात्री परत घातले. आता काय कापायचं ते ठरवण्याआधी त्या निकालावर वर्गात विचारायचे प्रश्न लिहून काढतो.

इथे तंत्रज्ञान खरंच कामाला येतं. हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाचं एचटूओ (H2O) हे निकालांची पाठ्यपुस्तकं ऑनलाइन बनवायचं साधन बघा. त्यात गाळलेला मजकूर पुसला जात नाही, दुमडून राहतो; ज्याला हवा तो उघडून वाचतो. दुसऱ्या शिक्षकाचं पुस्तक घेऊन आपल्यापुरतं बदलताही येतं. दुसरीकडून साहित्य घेताना मात्र परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आपलं साहित्य इतरांना वापरू देण्यासाठीच्या तयार परवान्यांपैकी एखाद्यात 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्ह्ज) अक्षरं असतील तर ते साहित्य जसंच्या तसं वाटता येतं, पण बदलून किंवा अनुवाद करून वाटता येत नाही. मुक्त म्हणजे सगळंच मोकळं, या समजात पुष्कळजण फसतात.

आणि प्रत्येक प्रकरणावर 'अमुक तारखेपर्यंतचा कायदा' असं ठळक लिहा. छापील पुस्तकावर आवृत्तीचं साल तरी असतं. माझ्या एका विद्यार्थ्याने परीक्षेत रद्द झालेलं कलम लिहिलं. गुण कापायला पेन उचललं, तेव्हा आठवलं की ती फाइल मीच दिली होती.