सगळी गावं एका रात्रीत चढवावीत का?

प्रश्न : मी पाटण तालुक्यात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. ओपनस्ट्रीटमॅप हा जो सगळ्यांनी मिळून करायचा नकाशा आहे, त्यावर मुलांना घेऊन आम्ही आसपासच्या वाड्या, पाणंदी, शाळा, पाण्याच्या टाक्या टाकल्या. आमच्या गटातल्या पुण्याच्या एका इंजिनिअर मुलाला सरकारी संकेतस्थळावर जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची यादी अक्षांश-रेखांशांसह मिळाली आहे. ती एका रात्रीत चढवतो म्हणतो. मी विरोध केला, तर म्हणाला, ‘सर, तुमच्या वेगाने जिल्हा व्हायला पन्नास वर्षं लागतील.’ गटात दोन तट पडलेत. बरोबर कोण?
– एक शिक्षक, पाटण

उत्तर : सर, मुलाचा हिशेब चुकलेला नाही. पण त्याला एवढंच विचारा, की रात्रीत चढवलेली गावं सकाळपासून तपासणार कोण? जगभर हा वाद याच जागी अडलाय.

ओपनस्ट्रीटमॅप 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि 2007 मध्ये त्याला दोन घबाडं मिळाली. एएनडी या डच कंपनीने नेदरलँड्सच्या रस्त्यांचं अख्खं जाळं देऊन टाकलं, सोबत भारत आणि चीनचे मुख्य रस्तेही. नेदरलँड्सचा माल चांगला होता आणि तो हाताळायला तिथे माणसं होती. आपल्या वाट्याला आला तो नुसता सांगाडा. रस्ते ठिकठिकाणी खऱ्या जागेपासून सरकलेले, आणि ते जागेवर आणायला हात फारच थोडे. पुढे स्पष्ट उपग्रहचित्रं मिळू लागली तेव्हा लोकांनी एकेक रस्ता ओढून बसवला.

दुसरं घबाड अमेरिकेच्या जनगणना खात्याचं, टायगर नावाचा देशभरच्या रस्त्यांचा डेटा. हे जरा नीट बघा, कारण तुमच्या यादीचं दुखणं याच जातीचं आहे. टायगर तयार झालं ते 1990 च्या जनगणनेसाठी. प्रगणकाला काय हवं असतं? घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला आणि पुढचा चौक कुठला. नकाशावर रस्ता पन्नास मीटर सरकलेला असला तरी त्याचं काम अडत नाही. त्या कामापुरता तो डेटा खणखणीत होता. तोच 2007-08 मध्ये अख्ख्या देशाचा नकाशा म्हणून ओतला गेला. मग वाळवंटातली चाकोरी काय, शेतघराकडे वळणारी खासगी वाट काय, सरसकट ‘निवासी रस्ता’ होऊन बसली. फाइली काउंटीवार (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांवार) होत्या, त्यामुळे हद्दीवर रस्ते दिसायला जुळलेले पण आतून तुटलेले. मार्ग शोधणारं सॉफ्टवेअर तिथे येऊन थबकायचं.

त्यावरून तिथेही दोन तट आहेत. एक म्हणतो, भरलेला नकाशा पाहून नवीन माणूस ‘झालंय की सगळं’ म्हणून परत गेला, आणि जर्मनीत हाताने नकाशा करता करता जशी माणसं जमली तशी अमेरिकेत जमली नाहीत. दुसरा म्हणतो, टायगर नसतं तर निम्मा देश कोराच राहिला असता. मला पहिल्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. जर्मनीत सायकल काढली की तासाभरात दोन-तीन गावं होतात. नेवाडाच्या वाळवंटात सायकल घेऊन कोण जाणार?

आता तुमची यादी. एक्सेल उघडा आणि कोयनेच्या पाणलोटातली चार-दोन गावं घेऊन त्यांचे बिंदू उपग्रहचित्रावर टाकून बघा. अशा याद्यांत बिंदू बहुधा महसुली हद्दीच्या मधोमध ठेवलेला असतो. गावठाण असतं खाली ओढ्याकाठी आणि बिंदू पडतो वर सड्यावर, नाहीतर थेट शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात. कोयनेत बुडालेल्या गावांतली माणसं साठच्या दशकात उठून पार सोलापूर-रायगडपर्यंत गेली, पण महसुली नाव कागदावर राहिलेलं असू शकतं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 43 हजार 600 गावं आहेत आणि त्यांतल्या अडीच हजारांहून जास्त गावांत माणूसच राहत नाही. तलाठी ज्याला बेचिराख म्हणतात ती ही गावं. मुलाची स्क्रिप्ट, म्हणजे यादी आपोआप चढवणारा प्रोग्राम, त्यांनाही ‘गाव’ असा टॅग, म्हणजे प्रकाराची चिठ्ठी, लावून मोकळी होईल. उलट तुमच्या मुलांनी टाकलेल्या वाड्या महसुली यादीत नसतातच; त्या मूळ गावात धरलेल्या असतात. आणि जे गाव तुम्ही आधीच टाकलंय ते ‘बु.’, ‘खु.’ आणि ‘तर्फ’ यांच्या इंग्रजी लघुरूपांसह शेजारी दुसऱ्यांदा उगवेल.

शिवाय सरकारी संकेतस्थळावर आहे म्हणजे आपल्याला वापरता येतं असं नाही. 2012 पासून या नकाशाचा परवाना ओडीबीएल, म्हणजे डेटा खुला ठेवण्याच्या अटींचा परवाना, आहे. यादीच्या अटी त्याच्याशी जुळतात का ते आधी बघावं लागतं. जुळत नसतील तर लेखी परवानगी. ती नसेल तर पुढचं सगळं भांडण व्यर्थ आहे, कारण ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वर्किंग ग्रुप, म्हणजे अशा तक्रारी बघणारा गट, सगळंच्या सगळं रिव्हर्ट करू शकतो, म्हणजे काढून टाकू शकतो. इम्पोर्टचे, म्हणजे असा डेटा घाऊक चढवण्याचे, नियमही ठरलेले आहेत: आधी योजना लिहून ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर ठेवा, स्थानिक लोकांशी आणि इम्पोर्टच्या ईमेल-यादीवर चर्चा करा, वेगळं खातं काढा. मुलाने यातलं काय केलंय ते विचारलंत का?

पण सर, तुम्हालाही एक सांगते. हाताने काढलेलं तेवढंच सोवळ्यातलं, असं धरून बसू नका. न्यूयॉर्क शहराच्या सुमारे 10 लाख इमारती 2013-14 मध्ये सरकारी डेटातूनच आल्या. फक्त शहराचे छोटे तुकडे पाडले, एकाने चढवायचं आणि दुसऱ्याने तपासायचं असं ठरवलं. तुम्हीही परवान्याचं मिटलं की यादी तालुकावार फोडा. पहिला तालुका पाटणच घ्या, कारण तो ओळखणारी माणसं तुमच्याकडे आहेत. आधीपासून असलेल्या कोणत्याही नोडला, म्हणजे नकाशावरच्या बिंदूला, हात लावायचा नाही. उरलेले बिंदू मुलाने जेओएसएम या नकाशा-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून द्यावेत, आणि वर्गातल्या ज्या मुलाचं ते गाव असेल त्याने बिंदू गावठाणावर, देवळाजवळ किंवा चावडीजवळ सरकवावा, मगच अपलोड. ज्या तालुक्यातलं कोणीच मिळत नाही तो तालुका थांबेल. थांबू दे. कोऱ्या जागेवर निदान चुकीचा रस्ता धरून कोणी जात नाही.

प्रश्न : टेक्सासमध्ये आमच्या घरामागच्या तळ्यातून नकाशावर एक रस्ता जातो. त्यावर ‘टायगर, तपासलेलं : नाही’ अशा अर्थाचा टॅग आहे. टॅग काढून टाकू का?
– एक वाचक, ऑस्टिनजवळ

उत्तर : नुसता टॅग काढू नका. रस्ता खरंच आहे का, ते आधी जाऊन बघा. असेल तर रेघ जागेवर आणा, नाव पाटीवरून पडताळा, प्रकार ठरवा आणि पुढच्या रस्त्याला तो खरोखर जोडलेला आहे ना ते बघा. मग टॅग काढा. रस्ताच नसेल तर पूर्ण पुसा, आणि चेंजसेटच्या, म्हणजे एकत्र चढवलेल्या बदलांच्या, टिपणीत ‘जागेवर जाऊन पाहिलं’ असं लिहा. 2007-08 पासून तो टॅग तुमच्यासारख्या तिथे राहणाऱ्या माणसाचीच वाट बघतोय.