विनियोजन विधेयकाला शेपूट जोडलं की काय होतं?

तुमचा प्रश्न असा की, खर्चाच्या विधेयकाला भलतीच तरतूद जोडून वरच्या सभागृहाची कोंडी करणं (ज्याला टॅकिंग म्हणतात) हे नुसतं पुस्तकात आहे की कुठे खरंच घडलंय. घडलंय. माझ्या मते सगळ्यात बोधक प्रकरण ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीचं, साल १८६५.

तिथे खालच्या सभागृहासाठी १८५७ पासून सगळ्या प्रौढ पुरुषांना मत होतं. वरचं सभागृह, म्हणजे विधान परिषद, ३० जणांचं. तिथे उभं राहायचं तर ५,००० पौंडांची स्थावर मालमत्ता हवी. मुदत १० वर्षं, आणि परिषद बरखास्त करायची सोयच नाही.

गोम घटनेच्या ५६ आणि ५७ व्या कलमांत होती. कराचं किंवा खर्चाचं विधेयक खालीच मांडायचं. परिषदेने ते हवं तर फेटाळावं, पण त्यात एक शब्द बदलायचा नाही. शिवाय गव्हर्नरने संदेश पाठवून शिफारस केल्याशिवाय खालच्या सभागृहालाही खर्च मंजूर करता येत नसे. म्हणजे पैसा तिजोरीतून निघायचा रस्ता असा: गव्हर्नरचा संदेश आणि खर्चाचे अंदाज, पूर्ण सभागृहाच्या समितीत बाबवार मतदान, मग विनियोजन विधेयक (तिजोरीतून पैसा काढायला मंजुरी देणारं), परिषद, गव्हर्नरची संमती, आणि सगळ्यात शेवटी रक्कम देण्याच्या हुकमावर त्याची सही.

दुरुस्तीचा हक्क नाही पण फेटाळण्याचा आहे, अशा सभागृहाला कोंडीत पकडणं सोपं असतं. वसाहतीचे प्रीमियर (सरकारचे प्रमुख) मॅककुलक यांच्या सरकारला नवी जकात, म्हणजे आयात मालावरचा कर, आणायची होती, बरीचशी स्थानिक उद्योगांना संरक्षण देणारी. परिषदेत जमीनदार आणि व्यापारी यांचं वजन. त्यांना ती नको होती. मग सरकारने जकात थेट विनियोजन विधेयकालाच जोडली. आता जकात नाकारायची तर सरकारी नोकरांचे पगारही अडणार. परिषद बधली नाही. जुलैमध्ये तिने विधेयक 'बाजूला ठेवलं'. फेटाळलं नाही, कारण तिचं म्हणणं होतं की हे मुळात योग्य स्वरूपातलं विधेयकच नाही.

इथून दोन गोष्टी बिघडल्या. पहिली वसुलीची. सरकार नव्या दराने जकात घेत होतं ते केवळ खालच्या सभागृहाच्या ठरावावर, कारण लंडनमध्ये तशी वहिवाट होती. व्यापारी कोर्टात गेले आणि वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ठराव म्हणजे कायदा नव्हे, त्यावर कर घेता येत नाही.

दुसरी पगाराची, आणि यातली युक्ती बघण्यासारखी आहे. विनियोजनाचा कायदा नाही, म्हणजे खर्चाला आधार नाही. सरकारने लंडन चार्टर्ड बँकेकडून उसने पैसे घेतले. मॅककुलक स्वतः त्या बँकेचे स्थानिक संचालक होते. त्या पैशातून देणी भागवली. मग बँकेने वसुलीसाठी सरकारवर दावा लावला, सरकारने बचावच केला नाही, कोर्टाने बँकेच्या बाजूने हुकूमनामा दिला. सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्याची रक्कम तिजोरीतून द्यायची तरतूद कायद्यात होतीच. ती भरली की पुन्हा उसनवारी, पुन्हा दावा. विधिमंडळाची मंजुरी कुठेच लागत नाही! या साखळीत अडवू शकणारा एकच माणूस उरला: सही करणारा गव्हर्नर, सर चार्ल्स डार्लिंग. त्यांनी सही केली.

लंडनहून वसाहतमंत्री कार्डवेल यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं: कायद्याविना कर, कायद्याविना कर्ज आणि कायद्याविना खर्च. १८६६ मध्ये डार्लिंगना परत बोलावलं. निमित्त मात्र त्यांच्या एका खलित्यातल्या उघड पक्षपाती भाषेचं झालं. दरम्यान निवडणूक होऊन सरकार जास्त बहुमताने आलं होतं आणि एप्रिलमध्ये जकात वेगळ्या विधेयकाने मंजूरही झाली. म्हणजे जोडलेलं शेपूट शेवटी सोडवावंच लागलं.

तरी खोड गेली नाही. पुढे गव्हर्नरांच्या पत्नी लेडी डार्लिंग यांना २०,००० पौंड द्यायची बाब विनियोजन विधेयकात घातली, परिषदेने ते फेटाळलं. १८७७ मध्ये आमदारांच्या मानधनावरून तेच. त्यावर बेरी सरकारने ८ जानेवारी १८७८ ला पैसे नाहीत म्हणत बड्या अधिकाऱ्यांना आणि न्यायाधीशांना एका फटक्यात घरी पाठवलं.

(त्याच काळात आपल्या मुंबईच्या कायदे कौन्सिलला अंदाजपत्रकावर चर्चेचाही हक्क नव्हता. चर्चा १८९२ च्या कायद्याने आली; मतदान तेव्हाही नाही.)

ऑस्ट्रेलियाच्या १९०१ च्या राज्यघटनेत कलम ५४ आणि ५५ आहेत ती टॅकिंग रोखायलाच. पण सेनेटचा, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहाचा, अडवण्याचा हक्क ठेवला, आणि १९७५ मध्ये त्याच्या झळा पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारला बसल्या. आपल्याकडे तो हक्कच काढलाय: राज्यसभेला आणि महाराष्ट्राच्या विधान परिषदेला धन विधेयकावर फक्त शिफारशी करता येतात, त्याही १४ दिवसांत. त्यामुळे आपल्याकडे भांडण उलट्या टोकाने होतं. अनुच्छेद ११० आणि १९९ मध्ये 'केवळ' असा शब्द आहे: विधेयकात केवळ कर, कर्ज, निधी अशा बाबी असतील तरच ते धन विधेयक. आणि ते तसं आहे की नाही, हे अध्यक्ष ठरवतात. २०१६ चा आधार कायदा असाच धन विधेयक म्हणून आला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ते चालवून घेतलं, न्या. चंद्रचूड यांनी मात्र विरोधी निकालपत्रात त्याला राज्यघटनेची फसवणूक म्हटलं.