वकील शोधण्याआधी साठावा दिवस शोधा

धायरीच्या एका ताई विचारतात: धाकटा भाऊ खासगी कंपनीत हिशेब पाहायचा. अपहार आणि फसवणुकीच्या गुन्ह्यात अटक होऊन ‘दोन महिने होत आले’, तो येरवड्यात आहे. सध्याचे वकील जमिनीची कामं करतात. चांगला फौजदारी वकील कसा ओळखावा? निर्दोष सुटलेल्या खटल्यांची यादी मागावी का?

ताई, ‘होत आले’ म्हणजे नक्की किती? अशी पत्रं नेहमी येतात आणि नेमकी तारीख कुणीच लिहीत नाही. इतके दिवस वकिलांची नावं गोळा केलीत, पण पहिल्या रिमांडच्या, म्हणजे कोर्टाने कोठडी दिल्याच्या, आदेशाची नक्कल काढली नाहीत, याचा मला राग येतो. तुमच्या भावाची सुटका आज त्या कागदावर अवलंबून आहे.

तुम्ही कळवलेली कलमं, म्हणजे भारतीय न्याय संहितेची ३१६(४) आणि ३१८(४), कमाल सात वर्षांच्या शिक्षेची आहेत. तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १८७(३) प्रमाणे साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. मोजणी अटकेपासून नाही, मॅजिस्ट्रेटने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून करायची आणि तो दिवसही धरायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. साठावा दिवस रविवारी आला म्हणून पोलिसांना सोमवार मिळत नाही.

पण हा हक्क मागावा लागतो. अर्ज देण्याआधी दोषारोपपत्र आलं, तर तो गेला. अर्ज आधी पडला आणि दोषारोपपत्र तासाभराने आलं, तर तो टिकतो. म्हणून एकसष्टाव्या दिवशी शिवाजीनगरला कोर्ट उघडताच अर्ज गेला पाहिजे. त्यासाठी आत्ता वकील बदलू नका. जुन्या वकिलांची ना-हरकत, नवं वकीलपत्र यांतच दिवस जातील. अर्ज पानभराचा असतो, जमिनीची कामं करणारे वकीलही तो देऊ शकतात. २०१७ च्या एका निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने तोंडी मागणीही ग्राह्य धरली.

एक धोका आहे. पोलिसांनी मौल्यवान दस्ताच्या बनावटीचं कलम ३३८ वाढवलं असेल, तर मुदत नव्वद दिवसांची होते. शेवटचा रिमांड अहवाल वाचल्याशिवाय यावर मी काही सांगणार नाही. भाऊ दोषी की निर्दोष, यावरही नाही.

वकील नंतर निवडा. फौजदारीची वेगळी सनद नसते आणि सुटलेल्यांच्या यादीवरून फारसं कळत नाही. रिमांडचे कागद समोर ठेवून ‘साठावा दिवस कोणता?’ एवढं विचारा. रोज रिमांडला उभा राहणारा वकील लगेच सांगेल. जामिनाची हमी देणारा किंवा निकालावर फी ठरवणारा नको. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

आणि जामीनदार आजच ठरवा. ऐपतीच्या दाखल्याला तहसील कार्यालयात वेळ लागतो. आदेश होऊनही वेळेत जामीन भरला नाही आणि तेवढ्यात दोषारोपपत्र आलं, तर हातात आलेला हक्क जाऊ शकतो.